खुर्ची बदलताना : झाग्रेब १९७६ आणि हँडओव्हरची ती काही मिनिटं

आकाशवाटा (धागाकर्ता)

तीस वर्षं एअर ट्रॅफिक कंट्रोलर होतो, आता निवृत्त आहे. विमान अपघातांवरचे इथले धागे मी नेमाने वाचतो. त्यात पायलट, इंजिन, हवामान यावर भरपूर चर्चा होते. कंट्रोल रूममध्ये एक माणूस उठतो आणि दुसरा बसतो, त्या वेळेबद्दल मात्र कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. आमच्या नोकरीत सगळ्यात जास्त भीती वाटावी अशी ती वेळ. ट्रॅफिक तुंबलेलं असताना माणूस आपोआप सावध असतो. खुर्ची बदलते तेव्हा जाणारा मनाने अर्धा घरी पोचलेला असतो आणि येणारा अर्धाच आलेला असतो.

आधी सेपरेशन म्हणजे काय ते सांगतो. दोन विमानांमध्ये आम्हाला ठराविक अंतर राखावं लागतं. रडारवर, लांबच्या मार्गावर साधारण पाच सागरी मैल आडवं किंवा हजार फूट उभं. दोन्हीपैकी एक तरी हवंच. पूर्वी २९,००० फुटांच्या वर हे उभं अंतर दोन हजार फूट असायचं. आपल्याकडे ते २००३ मध्ये हजारावर आलं. दोन्ही अंतरं एकाच वेळी कमी पडली की सेपरेशन गेलं. धडक व्हायलाच हवी असं नाही, पण मधे जी भिंत असते ती तेवढ्यापुरती पडलेली असते. समोरासमोर येणारी दोन जेट मिनिटाला तीसेक किलोमीटरने जवळ येतात. पाच सागरी मैल म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. ते संपायला वीस सेकंदही लागत नाहीत.

आता झाग्रेब. १० सप्टेंबर १९७६, सकाळचे सव्वाअकरा वाजत आलेले. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातलं हे केंद्र. पश्चिम युरोपातून तुर्कस्तान आणि पूर्वेकडे जाणारी विमानं त्याच्यावरून जायची. ट्रॅफिक अफाट आणि माणसं कमी. लंडनहून इस्तंबूलला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं ट्रायडंट ३३,००० फुटांवर सरळ चाललं होतं. स्प्लिटहून इनेक्स-आड्रियाचं डीसी-९ सुट्टी संपवून परतणाऱ्या जर्मन पर्यटकांना घेऊन कोलोनला निघालं होतं. ते २६,००० वर होतं, त्याला वर जायचं होतं आणि ३५,००० मोकळं होतं.

झाग्रेबचं आकाश उंचीप्रमाणे तीन सेक्टरमध्ये वाटलेलं होतं. ३१,००० च्या वरचा सेक्टर ग्रादिमिर तासिच सांभाळत होता. या कामाला दोन माणसं लागतात. एक रडारवर बोलतो, दुसरा शेजारी बसून शेजारच्या सेक्टरांशी फोनवर बोलणं, स्ट्रिप (प्रत्येक विमानाची उंची, वेळ लिहायची कागदी पट्टी) लिहिणं हे सगळं बघतो. त्या सकाळी पाळी बदलायची वेळ झाली, शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याचा बदली माणूस वेळेवर आला नाही, आणि सहकारी त्याला शोधायला उठून गेला. ती खुर्ची काही मिनिटं रिकामी राहिली आणि तेवढ्यात तासिचकडे दहा-अकरा विमानं होती.

मधल्या सेक्टरने डीसी-९ ला वर चढवायचं ठरवलं. तासिचशी त्याबद्दल जे काही बोलणं झालं ते घाईत, तोंडी झालं. शेजारच्या खुर्चीत माणूस असता तर ते त्याच्यामार्फत झालं असतं, लिहिलं गेलं असतं. मग मधल्या सेक्टरने डीसी-९ ला वरच्या सेक्टरची फ्रीक्वेन्सी दिली आणि ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारं यंत्र) स्टँडबायवर ठेवायला सांगून मोकळं केलं. त्या विमानाचा तासिचला पहिला आवाज आला तो सुमारे दोन मिनिटांनी. तोवर ते ३२,५०० फुटांपर्यंत चढलं होतं.

त्या दोन मिनिटांत ते विमान कोणाचंच नव्हतं. खालच्याने सोडलेलं आणि वरच्याने अजून धरलेलं नाही. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. माणसाची पाळी बदलत होती आणि नेमकं तेव्हाच विमानही हात बदलत होतं.

तासिचने उंची विचारली. उत्तर आलं ३२७, म्हणजे ३२,७०० फूट; शेवटची दोन शून्यं आम्ही बोलताना गाळतो. तो हबकला आणि इंग्रजी सोडून आपल्या भाषेत बोलायला लागला: आता आहात त्याच उंचीवर थांबा. तिकडून प्रश्न आला, कुठल्या उंचीवर? त्याने सांगितलं, चढताना आता जिथे आहात तिथेच, समोर ३३५ वर डावीकडून उजवीकडे विमान जातंय. वैमानिक म्हणाले, ठीक आहे, बरोबर ३३० वर थांबतो. पण ट्रायडंट प्रत्यक्षात ३३० वरच होतं. तासिचला पडद्यावर ३३५ दिसत होतं. डीसी-९ तसंच चढत राहिलं असतं तर कदाचित वरून निघून गेलं असतं. थांबवलं म्हणून ते नेमकं त्या उंचीवर आलं. पहिल्या संपर्कापासून धडकेपर्यंत चाळीस सेकंदही गेले नाहीत. दोन्ही विमानांत मिळून १७६ माणसं होती. एकही वाचलं नाही.

सविस्तर लिहिलं कारण 'कंट्रोलरची चूक' असं दोन शब्दांत हे नेहमी उरकलं जातं. तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल. तुमच्या कामात पाळी कशी बदलते तेही लिहा.

---

कळसूबाई

काका, अंगावर काटा आला. एक भाबडा प्रश्न. तुम्ही बसताना जाणारा माणूस सगळं सांगतोच ना? मग नक्की काय निसटतं? आणि उठताना विमानं 'पॉज' करता येत नाहीत हे कळतं, पण निदान ट्रॅफिक कमी असेल तेव्हाच खुर्ची बदलायची असं का करत नाहीत?

---

आकाशवाटा

कळसूबाई, प्रश्न अजिबात भाबडा नाही.

दुसऱ्याचं उत्तर आधी. शक्य तेव्हा तसंच करतात. पण ट्रॅफिक कमी असतानाचा हँडओव्हर जास्त सैल होतो. "काही नाही रे, तीनच आहेत," एवढ्यावर माणूस उठतो. दहा विमानं असतील तर एकेक करून दहाही सांगतो.

आता पहिला. जाणारा विमानं सांगतो. पण त्याच्या डोक्यात विमानांपेक्षा बरंच जास्त असतं. आम्ही त्याला 'पिक्चर' म्हणतो. कोण कुठे आहे हे पडद्यावर दिसतंच. अमक्याला मी पाच मिनिटांनी खाली आणणार आहे, तमक्याचा पायलट नवखा वाटतो, दोनदा सांगावं लागतं, शेजारच्या केंद्राला मी फोनवर एक उंची कबूल केली आहे, हे कुठे दिसत नाही. हे पिक्चर तयार व्हायला नव्या माणसाला काही मिनिटं लागतात. म्हणून सेपरेशन जाण्याच्या घटना बघाल तर बऱ्याच वेळा खुर्ची घेतल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत झालेल्या दिसतील.

त्यासाठी पद्धत आहे. नव्या माणसाने आधी मागे उभं राहून, न बोलता काही वेळ पाहायचं आणि फ्रीक्वेन्सी ऐकायची. मग यादीप्रमाणे तोंडी ब्रीफिंग: हवामान, उपकरणं, एकूण परिस्थिती, आणि सगळ्यात शेवटी ट्रॅफिक. ट्रॅफिक शेवटी, कारण तेच सगळ्यात लवकर शिळं होतं. मग "माझ्याकडे घेतलं" असं मोठ्याने म्हणायचं. आणि जाणाऱ्याने लगेच निघायचं नाही, मागे थांबून पुन्हा एकदा सगळं बघायचं. ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त खाल्ली जाते. बाहेर गाडी उभी असते.

माझीच एक आठवण. केंद्राचं नाव सांगत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट, रात्रपाळी संपून सकाळची सुरू होत होती. त्या मार्गावर रडार पोचत नव्हतं, सगळं स्ट्रिपवर आणि वैमानिकांनी कळवलेल्या वेळांवर चालायचं. मित्र उठला, मी बसलो. तीन स्ट्रिपा. त्याने तिन्ही वाचून दाखवल्या. पूर्वेकडे जाणारं एक विमान २९० वर. पश्चिमेकडे येणारं एक ३५० वर. तिसरं लांब. दोन मिनिटांत ३५० वाला म्हणाला, वर फार हलतंय, ३१० मिळेल का? मी स्ट्रिपा बघितल्या. समोरचा २९० वर, मधे दोन हजार फूट, मोकळं. मी त्याला ३१० दिलं आणि पेन्सिलीने ३५० वर काट मारून ३१० लिहिलं.

मित्र दारापर्यंत जाऊन परत आला होता. त्याचा थर्मास कन्सोलवर राहिला होता. थर्मास उचलताना त्याने माझी पेन्सिल बघितली आणि ओरडला, "त्याला मी ३३० दिलंय!"

पूर्वेकडे जाणाऱ्याला त्याने चढायची परवानगी दिली होती. लिहिणार एवढ्यात शेजारच्या केंद्राचा फोन वाजला आणि स्ट्रिपवर २९० तसंच राहिलं. म्हणजे एक वर चढत होतं, समोरचं मी खाली उतरवत होतो आणि दोघं एकमेकांची उंची ओलांडून जाणार होते. मी ३५० वाल्याला तिथेच राहायला सांगितलं. तो नुकताच निघाला होता, दोन-तीनशे फूट खाली गेला असेल, परत वर गेला. सेपरेशन गेलं नाही. कुठेही नोंद व्हावी असं काही घडलंच नाही. पण थर्मास राहिला नसता तर?

---

मृण्मयी_ना

आकाशवाटा काका, मी अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली. तुमचं २९० वाचताना हातातलं काम थांबलं. आमच्याकडे याला 'ओव्हर देणं' म्हणतात. दिवसात तीन ओव्हर.

एका हॉस्पिटलमध्ये असताना (नाव नको) नाइटच्या सिस्टरने सकाळी ओव्हर देताना सांगितलं, "चार नंबरचं इन्सुलिन झालंय." मी समजले सकाळचं. ती सांगत होती रात्रीचं. सकाळचं द्यायचं राहिलं. शुगर वाढायला लागली तेव्हा चार्ट उघडला. उलटं झालं असतं तर दोनदा दिलं गेलं असतं आणि ते जास्त वाईट झालं असतं. दोघींपैकी कुणीच खोटं बोललं नव्हतं. 'झालंय' या एका शब्दाने घात केला.

त्यानंतर मी स्वतःपुरता नियम केला. ओव्हर स्टेशनवर बसून घ्यायचा नाही, बेडजवळ जाऊन घ्यायचा. सलाईनची बाटली, पंपावरचा आकडा, ड्रेन, चार्ट, सगळ्याला हात लावत पुढे जायचं. आणि ऐकलेलं उलट बोलून दाखवायचं: "चार नंबर, रात्री दहाचं इन्सुलिन दिलेलं, सकाळचं बाकी." पहिल्या महिन्यात सगळ्या वैतागल्या. वीस मिनिटं जास्त जातात म्हणायच्या. खरंच जातात.

आणखी एक. ओव्हर चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, नातेवाईकही नाहीत, डॉक्टरही नाहीत. हे डॉक्टरांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं.

---

भानुदास

मृण्मयीताई, 'झालंय' आमच्याकडेही आहे. मी पंचवीस वर्षं केमिकल प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये. आमच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये पायपर अल्फा सांगतात. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला तेल आणि गॅसचा प्लॅटफॉर्म. दोन कंडेन्सेट पंप होते. त्यातला एक देखभालीसाठी काढलेला, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह उतरवून त्या जागी नुसती झाकणी बसवलेली. तसा परमिटचा कागद होता. पण संध्याकाळी पाळी बदलताना ही माहिती रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा सुरू केला. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या, त्यात वर्क परमिट आणि पाळी बदल यांवर भर आहे.

कागद होता, हे लक्षात घ्या. कागद असूनही झालं. म्हणून आमच्याकडे आता लॉगबुक नुसतं वाचून सही करायची पद्धत बंद आहे. दोघं मिळून प्लांटमध्ये चालत जायचं आणि बंद असलेल्या प्रत्येक यंत्रावरचा टॅग हाताने धरून बघायचा. पावसाळ्यात रेनकोट घालून. नवीन पोरं कुरकुर करतात, मी ऐकून घेत नाही.

काका, एक विचारतो. झाग्रेबला जो उशिरा आला त्याचं काय झालं?

---

श्रीरंग_वकील

भानुदासदादांच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, हा खटला मी वाचला आहे. तासिचसोबत आणखी सहकाऱ्यांवर आणि वरिष्ठांवर खटला चालला. शिक्षा एकट्या तासिचला झाली, सात वर्षांची. बाकीचे सुटले. पुढे शिक्षा कमी झाली. जगभरच्या कंट्रोलरांनी त्याच्यासाठी रदबदली केली आणि १९७८ मध्ये त्याची सुटका झाली.

कायद्याने बघायचं तर शेवटची सूचना त्याची होती, हे खरं आहे. वकील म्हणून मी त्याला पूर्ण निर्दोष म्हणू शकत नाही. पण शेजारची खुर्ची रिकामी राहू शकते अशी व्यवस्था ज्यांनी चालू ठेवली, त्यांच्यापर्यंत निकाल पोचला नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

याची तुलना युबरलिंगेनला झालेल्या दोन विमानांच्या धडकेशी करा. १ जुलै २००२ ची रात्र, स्विस-जर्मन सीमेजवळ, झुरिचच्या केंद्राच्या ताब्यातलं आकाश. पाळीवर दोन कंट्रोलर, त्यातला एक विश्रांतीला गेलेला, दुसरा एकटा दोन पडद्यांवर. त्याच रात्री देखभालीचं काम, त्यामुळे धोक्याची दृश्य सूचना बंद, मुख्य फोनही बंद. ७१ मृत्यू, त्यात सहलीला निघालेली शाळकरी मुलं. त्या कंट्रोलरवर खटला चाललाच नाही, कारण २००४ मध्ये बायको आणि दोन्ही मुलं गमावलेल्या एका बापाने त्याचा खून केला. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने कंपनीच्या चौघांना दोषी धरलं. म्हणजे इथे निकाल खुर्चीच्या वर गेला. शिक्षा सौम्य होत्या, तरी दिशा मला बरोबर वाटते.

---

मेघवाट

मी सध्या एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे. कॉकपिटमधून थोडं.

फ्रीक्वेन्सीवर आवाज बदलला की आम्हाला लगेच कळतं. माझ्या पहिल्या कॅप्टनने शिकवलं होतं: आवाज बदलला की पुढच्या संपर्कात आपली उंची आणि आपल्याला मिळालेली उंची दोन्ही पूर्ण म्हणायच्या. "चढतोय" एवढंच म्हणायचं नाही, "२९० सोडलं, ३३० साठी चढतोय" असं म्हणायचं. काकांच्या किश्शात त्या पूर्वेकडच्या विमानाने काका खुर्चीत बसल्यावर असं एकदा म्हटलं असतं तर थर्मासची गरज पडली नसती. अर्थात त्याला कसं कळणार की खुर्ची बदलली आहे.

झाग्रेबबद्दल एक भर. तासिच आपल्या भाषेत बोलला त्यामुळे ब्रिटिश वैमानिकांना, तेही त्याच फ्रीक्वेन्सीवर असून, आपल्या दिशेने कोणी येतंय हे समजायची शक्यताच राहिली नाही. त्याला दोष देत नाही. घाबरलेला माणूस आईच्या भाषेत बोलतो. पण इंग्रजीचा आग्रह का धरतात ते या चाळीस सेकंदांत दिसतं.

आणि तेव्हा टीकॅस नव्हतं. आता दोन विमानं धोकादायक जवळ आली की यंत्रं आपसांत ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली जायला सांगतात. युबरलिंगेनला ते होतं. एका विमानाला यंत्र म्हणालं वर जा आणि कंट्रोलर म्हणाला खाली जा. त्यांनी कंट्रोलरचं ऐकलं. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ जानेवारी २००१ ला, जपानवर दोन जपान एअरलाइन्स विमानांचंही असंच झालं होतं. खुर्चीवर शिकाऊ कंट्रोलर होता, शेजारी शिकवणारी. सूचना द्यायची होती ९५८ क्रमांकाच्या विमानाला, दिली गेली ९०७ क्रमांकाच्या विमानाला. तीही यंत्राविरुद्ध. शेवटच्या क्षणी वैमानिकांनी डोळ्यांनी बघून वाचवलं, बरेच लोक जखमी झाले. आता नियम पक्का आहे: यंत्राने आदेश दिला की कंट्रोलरचं बाजूला. पण त्यामुळे कंट्रोल रूममध्ये निष्काळजीपणा चालतो असं कुणी समजू नये. टीकॅस बोलतं तेव्हा बाकी सगळं हातचं गेलेलं असतं.

---

कळसूबाई

मेघवाट, जपानच्या उदाहरणात शिकवणारी शेजारी असूनही झालं. म्हणजे दोन माणसं असणं पुरेसं नाही?

---

आकाशवाटा

पुरेसं नाही, कळसूबाई. शिकाऊ माणूस बसलेला असतो तेव्हा खुर्ची नक्की कोणाची हा प्रश्न दर मिनिटाला असतो. शिकवणाऱ्याने कधी हात घालायचा? लवकर घातला तर पोरगं शिकत नाही, उशिरा घातला तर तोही एक घाईतला हँडओव्हरच. मी वीसेक जणांना शिकवलं. प्रत्येकाला सांगायचो, मी "माझ्याकडे" म्हटलं की वाक्य अर्धं असलं तरी तोंड बंद कर. राग नंतर धर.

श्रीरंग, तुमचं म्हणणं पटतं, एक गोष्ट सोडून. 'शेवटची सूचना त्याची होती' हे खरं, पण त्याला पडद्यावर ३३५ दिसत होतं. माझ्या थर्मासच्या सकाळी मलाही २९० दिसत होतं. जे दिसत होतं त्यावरून मी दिलेली सूचना बरोबर होती. मी त्याच्याएवढाच शहाणा किंवा मूर्ख होतो. फरक फक्त परत आलेल्या माणसाचा. म्हणून मला त्याच्याविरुद्ध एक शब्दही लिहवत नाही.

मृण्मयी, तुमची वीस मिनिटं कुणी मागायला लागलं तर देऊ नका. भानुदास, रेनकोटचंही तसंच.

---

भानुदास

काका, तो थर्मासवाला मित्र अजून संपर्कात आहे का?

---

आकाशवाटा

आहे. आज सकाळी त्याला फोन करून हा धागा वाचून दाखवला. तो म्हणतो थर्मास वगैरे काही नव्हता. जिना उतरता उतरता त्याला फोनची घंटा आठवली, आणि मग न लिहिलेला आकडा, म्हणून तो धावत परत आला. मला मात्र तो थर्मास लख्ख आठवतो, निळा, झाकणाला पोचा आलेला. बराच वेळ वाद घातला. एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं, माझी पेन्सिल स्ट्रिपवर होती. तो म्हणतो ३१० मधलं शून्य अर्धंच काढून झालं होतं. मला वाटतं पूर्ण झालं होतं.